न मिटलेली पन्हळ

चैत्र शु. ४. नांदेड
यमू आज सकाळी मोकळी झाली. मुलगी. पहिली वेळ म्हणून लातूरहून माहेरी आणलेली. यमू बरी आहे. पोर जोरात रडली, मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात सुईणीने तिला पालथं केलं.
कमरेच्या खाली, बरोबर मधोमध, लिंबाएवढा फुगा. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आत पाणी.
बघताक्षणी कळलं. परीक्षेत याच्यावर पानभर लिहिलं होतं, आकृती काढली होती, शाबासकी मिळाली होती.
आई : "काय हाय रे ते?"
मी : "गळू आहे. बसेल."
डॉक्टर म्हणे मी.

चैत्र शु. ५
दुपारी दवाखान्यातून आलो तर आई आणि सुईण चुलीपाशी दाभण तापवून राहिलेल्या. पोर आईच्या मांडीवर पालथी. एवढा ओरडलो की यमू बाळंतिणीच्या खोलीतून उठून दारात आली.
आई : "तूच म्हणलास ना गळू हाय? मंग फोडाया नको?"
बरोबरच आहे तिचं. दाभण उकिरड्यावर फेकलं आणि मग सगळं सांगावं लागलं. यात पू नाही. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच हे, कण्यातून खाली आलेलं. फुटलं की घाण थेट मेंदूपर्यंत जाईल आणि पोर दोन-चार दिवसांत जाईल.
"मेंदू डोक्यात असतो म्हणं. हे तर कमरंत हाय."
बसून समजावलं. तिला पटलं की नाही माहीत नाही. पण पोरीला हात लावत नाही आता, घाबरली. हे आणखी एक नवीन.

चैत्र शु. ६
आज नीट तपासलं. हात चांगले, मूठ घट्ट. दूध ओढते. पाय मात्र दोरीवरच्या कपड्यासारखे लोंबतात. तळव्याला टाचणी टोचली, काही नाही. गुडघ्याच्या वर टोचली, तिथे रडली. डावी मांडी किंचित वर घेते.
हैद्राबादला कॉलेजात आम्हाला हे सगळं उर्दूतून शिकवलं. कण्यातल्या त्या दोरीचं नाव 'हराम मग्ज़', म्हणजे खायला निषिद्ध मगज. पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला होता. आमचे प्रोफेसर पान खायचे. गर्भाचा धडा आला तेव्हा त्यांनी डब्यातून विड्याचं पान काढलं, तळहातावर पसरलं. म्हणाले, सुरुवातीला मेंदू असा असतो, एक सपाट पान. मग मधली शीर खोल जाते, पन्हळ होते, दोन्ही कडा वर येतात, मधोमध भेटतात, आणि तिथून वर-खाली मिटत जातात. झाली नळी. वरचं टोक फुगून मेंदू, खालचं लांब होऊन कण्यातली दोरी, मज्जा. गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो तेव्हाच हे सगळं उरकतं. मग ते पान त्यांनी खाऊन टाकलं.
यमूच्या पोरीची पन्हळ खालच्या टोकाला मिटली नाही. एवढंच. बाकी नाक, डोळे, नखं, सगळं जागच्या जागी.
का मिटली नाही? पुस्तक पुन्हा पाहिलं. कशी मिटते याची चौदा चित्रं आहेत. का मिटत नाही याची एक ओळ नाही. परीक्षेत कुणी विचारलंही नाही.

चैत्र शु. ८
काझी डॉक्टरांना घरी आणलं. आमच्या दवाखान्यातले वडीलधारे डॉक्टर, तीसएक वर्षं इथेच आहेत. त्यांनी चष्मा पुसून फार वेळ पाहिलं.
"टाके नक्को डालो मियाँ. इथं आपल्याकडून नाही होणार. उकळलेल्या पाण्यात मीठ, साफ कपडा, और पेट के बल सुलाओ. बस."
"आणि पुढे?"
"सर पर नजर रखो."
तेवढंच बोलले. पुढचं मलाही ठाऊक आहे. अशा पोरांत मेंदूतलं पाणी बाहेर पडायची वाट अडते, डोकं फुगत जातं. एवढं शिकून 'साफ कपडा' एवढीच दवा. पुढे काय होणार ते घरी मला विचारू नये कुणी.

चैत्र शु. १३
लातूरहून यमूचे सासरे आले, तहसीलीत पेशकार, म्हणजे वरचे कारकून आहेत. सोबत दिगंबरराव, यमूचे यजमान, तिथेच मास्तर. दि.रावांनी पोरीकडे पाहिलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सासऱ्यांनी पाहिलंच नाही. चहा घेतला. मग मुद्द्यावर : "कोजागिरीच्या ग्रहणात सूनबाई शिवत बसली होती. आमच्या घरातून दोनदा सांगितलं, सुई ठेव म्हणून. ऐकलं नाही."
मी काही बोलायच्या आत यमू आतून : "हाव, शिवत होते."
त्यांना दवाखान्याचं निमित्त सांगितलं, उद्या सकाळी सगळा खुलासा करतो म्हटलं. आज बोललो असतो तर भांडण झालं असतं.
संध्याकाळी यमूपाशी बसलो. ती तेव्हा पोरीचंच टोपडं शिवत होती. "दादा, मीच भोसकलं तिला." दहा दिवस हे मनात धरून पोरीला पाजून राहिली होती. आम्ही कुणी विचारलं नाही.
तिला हिशेब करून दाखवला. आषाढात दिवस गेले. पन्हळ मिटायची ती श्रावण लागेपर्यंत मिटते, नाहीतर कधीच नाही. तेव्हा तुला उलट्यासुद्धा सुरू नव्हत्या, पोटात काही आहे हेच माहीत नव्हतं. ग्रहण आश्विनातलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तू शंभर टोपडी शिवली असतीस तरी फरक नव्हता.
तिने टोपडं खाली ठेवलं. "खरं?"
"पुस्तकात आहे."
मग जी रडायला लागली ती आवरेना. पण हे रडणं वेगळं. या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की शिकलेलं उपयोगी पडलं.

चैत्र शु. १४
आज तेच सगळं पेशकारसाहेबांना सांगितलं. आकृती काढून. महिने मोजून. त्यांनी शांतपणे ऐकलं, मधूनमधून मान हलवली. मला वाटलं जिंकलो.
शेवटी म्हणाले, "म्हणजे ग्रहणाचा संबंध नाही."
"बिलकुल नाही."
"सुईचाही नाही."
"नाही."
"मग दोष बीजातच आहे. सुरुवातीपासून. ग्रहण असतं तर एकदाची चूक म्हणून पोटात घातलं असतं. हे तर पुढच्या वेळीही होणार. डॉक्टर, तुम्ही बरं केलंत सांगितलंत. आम्हाला दिगूची दुसरी तजवीज बघायला हवी."
मी काय बोललो ते लिहीत नाही. दि.राव तिथेच होते. खाली बघत होते.
दुपारच्या मोटारीने गेले दोघं. ग्रहणच राहू दिलं असतं तर! खरं सांगून मी बहिणीचा संसार...

चैत्र व. २
बारसं. सासरचं कुणी नाही. नाव ठेवायला आत्या लागते, ती लातुरात. आई म्हणाली, राहू दे आता, कशाला नाव. यमूने ऐकलं आणि पोरीच्या कानाशी वाकून आपणच सांगितलं. गोदा.
आईने मग गूळ-खोबरं वाटलं. शेजारी चार घरांतच.

चैत्र व. ७
गोदाचं डोकं मोठं होतंय. रोज दोऱ्याने मापतो. कालची गाठ आज पुरत नाही. टाळू ताणलेली. रडते तेव्हा कपाळावरच्या शिरा दिसतात.
फुग्याची कातडी एका बाजूला ओलसर वाटते. दिवसातून तीनदा पट्टी बदलतो. दवाखान्यात मन नाही. आज एका खोकल्याच्या पेशंटवर खेकसलो. काझी डॉक्टर म्हणाले, "घर जाओ मियाँ."
घरी जाऊन काय करू.

चैत्र व. ९
अन्वरला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. माझा वर्गमित्र, हैद्राबादला मोठ्या सर्जनच्या हाताखाली आहे. सर्जन बघायला तयार आहेत. कातडी शाबूत असली तर फुगा झाकून वरून शिवतील. पाय येणार नाहीत, ते सोडून द्या. डोक्याचं काही सांगता येत नाही. कधी थांबतं, कधी शिवल्यावर उलट जास्त फुगतं. टेबलावरही जाऊ शकते. आणि बापाची संमती पाहिजे, त्याशिवाय हात लावणार नाहीत.
बापाची! नऊ महिने पोटात वाढवलं कुणी?
यमू म्हणाली, "तू जाऊन ये लातूरला. मी आले असते, पण हिला पालथं कोण सांभाळंल."

चैत्र व. ११. लातूर
मोटारीत सबंध दिवस गेला. लोह्यापुढे फौजेच्या नाक्यावर सगळ्यांना उतरवलं. संस्थानात गडबड सुरू झाल्यापासून हे रोजचंच झालंय. जवानाने माझी पिशवी उपडी केली, त्यातून मेंदूचा तक्ता निघाला, दि.रावांना समजावायला घेतलेला. वळ्या, घड्या, खाली लांब गेलेली मज्जा.
"ये नक्शा किधर का है?"
"भेजे का."
"मजाक करता क्या?"
त्यातल्या रेघा त्याला नद्या वाटल्या असाव्यात. तासभर उन्हात उभं केलं. जमादाराला विचारून आला, पिशवी परत दिली, तक्ता ठेवून घेतला. माणसं हसत होती. मला हसू येईना.
पेशकारसाहेबांनी जेवायला वाढलं, आदराने. जेवताना सांगितलं की उदगीरकडून एक स्थळ आलंय. संमतीचा विषय काढला तर म्हणाले, "मरायचंच आहे तर घरी मरू द्या. चिरून कशाला?" हे म्हणताना त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला, ते मी पाहिलं. दुष्ट आहेत असं म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

चैत्र व. १२. लातूर
सकाळी शाळेत गाठलं दि.रावांना. पोरांना पाढे म्हणायला लावून बाहेर आले.
मी : "सही करणार का?"
"भाऊ म्हणतील तसं." वडिलांना ते भाऊ म्हणतात.
"तुमची पोर आहे. भाऊंची नाही."
 मी फार बोललो. नामर्दही म्हणालो. आत वर्गात पोरांचा आवाज हळूहळू बंद पडला, ती ऐकून राहिली होती.  मी निघालो तर दि.राव मागून आले फाटकापर्यंत.
"एक विचारू? तिला... कळंल का? माणूस ओळखंल का?"
आजवर एवढ्या लोकांशी बोललो, हे कुणी विचारलं नव्हतं. तक्ता असता तर दाखवला असता. तोंडीच सांगितलं. खालचं टोक उघडं राहिलं, वरचं मिटलंय. मेंदू घडलाय. पाणी फार दाबलं नाही तर हसेल, बोलेल, ओळखेल. दाबलं तर नाही. चालणार मात्र नाही, ते नक्की.
"हसंल म्हणता."
"असेल नशीब तर. मी खात्री देत नाही."
मान हलवून परत वर्गात गेले. पाढे पुन्हा सुरू झाले. मी मोटार धरली.

चैत्र व. १४. नांदेड
यमूला सांगितलं, नाही म्हणाले. ती पोरीची दुपटी घडी करत होती. म्हणाली, "मंग मी सही करते."
"चालत नाही."
"का न्हाई चालत?"
 काझी डॉक्टर म्हणाले ते चिठ्ठी देतील, सर्जनला ओळखतात, गळ घालून बघू. तेरवाच्या गाडीने निघायचं ठरलं. पट्टी आज जास्त ओली.

वैशाख शु. १
संध्याकाळच्या मोटारीने दि.राव आले. एकटे. परभणीला शाळेच्या कामाला जातो असं घरी सांगून निघालेत. दारातच मला म्हणाले, "तुम्ही शाळेत जे म्हणालात ते पोरं अजून आपसात म्हणतात." मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तेच पुढे म्हणाले, "कुठंय ती?"
यमूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. गोदाला उचललं, पालथी त्यांच्या हातावर दिली, "डोकं धरा, जड हाय," एवढंच म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.
नांदवणार का, उदगीरचं काय, काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

वैशाख शु. ३. हैद्राबाद
गाडीत यमू आणि दि.राव आळीपाळीने उशीवर गोदाला धरून बसले. एकमेकांशी बोलणं फक्त तिच्यापुरतं. "जरा इकडं." "धरा." निजामाबादच्या पुढे तिने दि.रावांचं बोट धरलं. तान्ही पोरं धरतातच, त्यात काही नसतं. मी सांगितलं नाही तसं.
सर्जननी तपासलं. फार वेळ. कातडी अजून शाबूत, पण आज-उद्याचीच. डोकं पाहून ओठ मिटले. उद्या सकाळी करतो म्हणाले. जगली तर काय आणि गेली तर काय, दोन्ही बाजू उलगडून सांगितल्या, काही लपवलं नाही. मग, "बाप कोण?"
दि.रावांनी वर्गात करतात तसा हात वर केला. सही केली. यमू म्हणाली, मलाही करायची आहे. सर्जन हसले, जागा नाही म्हणाले, पण कागद पुढे केला. तिने दि.रावांच्या नावाखाली कोपऱ्यात केली.
निघताना सर्जन मला म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात. आत येऊ शकता. नाहीतर मामा म्हणून बाहेर बसा."
आत गेलो तर ती न मिटलेली जागा प्रत्यक्ष बघायला मिळेल. चित्रात कितीदा पाहिली. बाहेर बसलो तर ही दोघं.
यमू म्हणते, आत जा, तिच्याजवळ आपलं कुणीतरी पाहिजे. दि.राव म्हणतात, बाहेर बसा, आम्हाला काही कळायचं नाही.
गोदा आत्ता दूध पिऊन झोपली आहे. आत की बाहेर, ते मी अजून सांगितलेलं नाही त्यांना.