काचेवर राहिलेला कागद

बाबा, आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक पांढरं यंत्र आहे. मी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. घरी येणारं कोणी विचारतं, हे काय, तर मी म्हणते, प्रिंटर, आणि पाणी आणायला आत जाते. तुम्ही असता तर एवढ्यावर थांबला नसता. झाकण उघडून पाहिलं असतं, वास घेतला असता, कागद कुठून जातो नि कुठून निघतो ते बोट घालून तपासलं असतं. म्हणून तुम्हाला नीट सांगते. हे यंत्र छापतं, झेरॉक्स काढतं, आणि काचेवर कागद पालथा ठेवला तर त्याचं जसंच्या तसं चित्र कॉम्प्युटरात नेऊन ठेवतं. आणि त्याला कॉम्प्युटरपासून वायर लागत नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून बटण दाबलं की बाहेरच्या खोलीत कागद निघतो. तेवढ्यासाठीच मी ते घेतलं होतं. दुकानदाराने वायरचं स्वस्तातलंही दाखवलं होतं, पण वायर तर आमच्या कचेरीतल्या प्रिंटरलाही आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे इथे चंद्रपुरात एका पेपरच्या कचेरीत लागले, ती अजून तिथेच आहे. लोकांनी पाठवलेल्या बातम्या दुरुस्त करते, पानं लावते. पान वेळेत सोडायचं आणि स्वच्छ सोडायचं, एवढंच त्या कामाचं सूत्र, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या हाडात शिरलं आहे. तालुक्याहून घडी पडलेला, डाग पडलेला कागद आला की मी तो दोन बोटांनी धरते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या दोन बोटांपासूनच सुरू झालं.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मच्छीमार संस्थेच्या तलावाचा ठेका संपला. तुमच्यानंतर संस्थेचं काम भावाकडे, आपल्या धाकट्याकडेच आलं, हे तुम्हाला आवडलं असतं. तो तुमच्यासारखाच तलावाच्या पाळीवर बसून हिशेब सांगतो, तुमच्यासारखाच भांडणाला घाबरतो. मुदतीत अर्ज गेला तर तलाव आधी संस्थेला, नाही तर लिलाव, हा नियम तुमच्या वेळेपासूनचा आहे. त्याने अर्ज तयार केला होता. मास्तरांकडून लिहून घेतलेला, खाली सगळ्या सभासदांचे अंगठे नि सह्या. तो परस्पर गडचिरोलीला मत्स्य कार्यालयात जाऊन देणार होता. त्याने सहज म्हणून फोनवर सांगितलं आणि मी त्याला थांबवलं. म्हटलं, तसला हाताने लिहिलेला कागद आता कोणी वाचत नाही, इकडे घेऊन ये, माझ्याकडे नवीन मशीन येतंय, मी चांगला करून देते. तो म्हणाला, मुदत जवळ आली आहे. मी म्हटलं, माझं आयुष्य मुदतीतच गेलंय.

मशीन आलं पण ते काही लागेना. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचा पासवर्ड प्रिंटरच्या छोट्याशा पडद्यावर बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर शोधून भरायचा. मोठी लिपी, लहान लिपी, मधेच आकडा. शेवटच्या अक्षराला यावं तर भारनियमनाची वेळ होऊन लाइट जायची, आणि लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. प्रिंटरवर एक निळा दिवा होता. तो लुकलुकत राहिला तर जोडणी नाही, स्थिर झाला तर झाली. ह्यांनी दोनदा सांगितलं की सध्या वायर लाव, वायर मी पॉवर हाऊसवरून कोणाची तरी मागून आणतो. मी ऐकलं नाही. धाकट्याला फोनवर म्हणत राहिले, उद्या ये. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो विचारायचा थांबला आणि सरळ अहेरीहून गाडीत बसला. तो दारात आला तेव्हा निळा दिवा नुकताच स्थिर झाला होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला हातपायही धुऊ दिले नाहीत. त्याला बाहेरच्या खोलीत उभं केलं, आतून एक पान सोडलं, आणि यंत्र गुरगुरून कागद बाहेर टाकू लागलं. तो वाकून यंत्राच्या मागे पाहत होता. "बाई, हे कशानं ऐकते तुहं?" म्हणाला. मग हसून म्हणाला, "माही बायको बाजूले बसून नाई ऐकत." आम्ही खूप हसलो. त्या दिवसातलं तेवढंच चांगलं आठवतं.

मग त्याने पिशवीतून अर्ज काढला. चार घड्या घातलेला रेघांचा कागद, एका कोपऱ्याला तेलाचा डाग, अंगठे काही ठसठशीत, काही पसरलेले. आणि त्याला वास होता, बाबा. आपल्या घराचाच वास, सुकटीचा. पिशवीत त्याने माझ्यासाठी सुकट आणली होती आणि कागद तिला लागूनच होता. मी उठून खिडकी उघडली. गडचिरोलीच्या त्या कार्यालयात बातमीच्या कामाने माझं जाणं असतं. तिथले लोक मला मॅडम म्हणतात. त्यांच्या टेबलावर हा कागद माझ्या हातून ठेवला जाईल, हे मला सहन होईना. मी सगळा मजकूर टाइप केला. मग जुना कागद काचेवर पालथा घातला, चित्र कॉम्प्युटरात आणलं, आणि एकेक अंगठा, एकेक सही कापून नव्या पानावर ओळीने लावली. पसरलेले थोडे पुसून नीट केले. जांभळा रंग उतरला तो अगदी शाईसारखा. धाकटा मागे उभा राहून पाहत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाई, हे चालते न? आंगठा तं कोणीच नाई लावला ह्या कागदावर." मी मान वर न करता म्हटलं, "आता सगळीकडे असंच चालते." आपल्या बोलीत म्हटलं, म्हणजे त्याचा विश्वास बसेल.

सकाळच्या गाडीने आम्ही दोघं गडचिरोलीला गेलो. अर्ज प्लास्टिकच्या फाइलमध्ये, फाइल माझ्या मांडीवर. टेबलावरचे बाबू दुपारी तीननंतर जागेवर आले. ओळखीचे होते, चहाचं विचारलं त्यांनी. मग पानं तपासायला घेतली. त्यांना सवय होती, जवळच्या ओल्या स्पंजवर बोट दाबायचं आणि पान उलटायचं. दुसरं पान उलटताना त्यांचं बोट अंगठ्यांच्या ओळीवरून गेलं आणि ओळ फिसकटली. काळी अक्षरं जागची हलली नाहीत, अंगठे मात्र पाण्यासारखे वाहिले. त्यांनी आपलं बोट पाहिलं. पुन्हा ओलं करून मुद्दाम एका अंगठ्यावर फिरवलं. मग आवाज खाली आणून, जणू माझीच लाज राखत, म्हणाले, "मॅडम, आंगठे छापून आणले का?"

मी काहीतरी बोलले. ते म्हणाले, मूळ कागद द्या, तोच जोडून घेतो, डाग असला तरी चालेल. डाग असला तरी चालेल, असं म्हणाले ते. मी फाइल उघडली. फाइलमध्ये नव्या अर्जाच्या प्रती होत्या, ठरावाच्या होत्या, जास्तीच्याही होत्या. मूळ कागद चंद्रपुरात होता. झाकणाखाली, काचेवर, मी पालथा घातला तसाच. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आणि हे ड्युटीवर. बाबूंनी कार्यालय बंद होईपर्यंत वाट पाहायची तयारी दाखवली. मूल गावावरून चंद्रपूरला जाऊन परत यायला तेवढा वेळ पुरणारच नव्हता, तरी आम्ही स्टँडकडे पळालो, आणि गाडी लागलेली नव्हती. निघताना ते म्हणाले होते की खोट्या अंगठ्यांचं प्रकरण होऊ शकतं, पण तुम्ही पेपरच्या बाई आहात म्हणून मी हे पाहिलं नाही. मी त्यांचे आभार मानले. स्टँडवर धाकट्याने मला उसाचा रस आणून दिला. तो स्वतः प्यायला नाही.

त्या बाकावर मला तुमची राखेची वाटी आठवली. संस्था काढायचं ठरलं तेव्हा मी नववीत होते. तुम्ही शाईचा डबा घेऊन घरोघर फिरता आहात, मी मागे कागद धरून. जाळ्यावरून उठून आलेल्या माणसाचा अंगठा बुळबुळीत असतो, शाई धरत नाही, म्हणून तुम्ही प्रत्येकाच्या अंगठ्याला आधी चुलीतली राख चोळता, मग दुपट्ट्याने कोरडा करता, मग शाईत बुडवता, आणि ठसा उमटला की वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहता. घरी आल्यावर एक अंगठा कमी निघाला. तलावापलीकडची म्हातारी मावशी, तापाने निजलेली. ऊन होतं, मला भूक लागली होती, आई चुलीवर झिंगे परतत होती. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात मी माझाच अंगठा तिच्या नावापुढे लावून टाकला. जेवताना भातावर जांभळा डाग पडला आणि तुम्हाला कळलं. तुम्ही ओरडला नाहीत. ताट तसंच ठेवून मला घेऊन पाळीवरून चालत तिच्या घरी गेलात. ती बिचारी म्हणाली, "पोरीनं लावला तं का झालं भाऊ, माहाच समज." तुम्ही तिच्या अंगठ्याला राख चोळत म्हणालात, "तुहा आंगठा तुह्याच हाताले आहे, मावशी." आणि मला म्हणालात, "दुसऱ्याच्या जागी उभं नाई राहाव." मग तो सगळा कागद फाडला आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. मी किती रागावले होते तुमच्यावर. एका अंगठ्यासाठी सगळे!

तलाव लिलावात गेला. घेणारा बाहेरचा ठेकेदार आहे. त्याचा माणूस पाळीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. आपलीच माणसं आपल्याच तलावात रोजीने जाळं ओढतात, मासळी बर्फात घालून गाडीत भरतात. पळसाच्या पानांवर वाटे घालणं बंद झालं. तुम्ही लोकांकडे पाठ करून उभे राहायचात आणि मागून कोणी वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा, आणि तुम्ही न पाहता नाव घ्यायचात, ते आता कोणाला करावं लागत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात पाळीवर बैठक झाली. मी गेले होते. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मला मधे खाट टाकून दिली होती, कारण मी चंद्रपूरची. धाकटा उभा राहिला. "असल कागद माह्याजवळ होता. बसमधी राह्यला. माही चूक आहे."  मग मागून एकाने म्हटलं, "बायको तं नाई न इसरली कधी बसमधी?" आणि थोडं हसू झालं, चांगलं नाही. एका म्हातारीने सरळ विचारलं, "तुही बहीण संग होती न रे?" तो म्हणाला, "होती. कागद माह्याकडं होता." त्यांनी त्याला सचिवपदावरून काढलं नाही, त्याने स्वतःच शिक्का पुढे ठेवला. आता तो दुसऱ्यांसारखाच जाळं ओढायला जातो, आणि खुर्चीवरचा माणूस त्याला नावाने हाक मारतो. गावात अजून लहान पोरंसुद्धा त्याला म्हणतात, भाऊ, पिशवी पाहून घे. मला मात्र सगळे म्हणाले, बाईनं लय धावपळ केली.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की पूर्ण झालं की धाकट्याला नेऊन देईन, त्याने बैठकीत वाचावं. म्हणून सगळं क्रमाने लिहिलं, कोणाला शंका राहू नये असं. आता वाचून पाहिलं तर एक गोष्ट मी ह्यातही वगळली आहे. त्या दिवशी बैठकीला जाताना, तुमचा डोंगा पाण्यातून ओढून बांधायची जागा आहे तिथे तो थांबला. चपला हातात घेतल्या आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "बाई, का सांगू त्याहिले?" मी म्हटलं, "तुले वाटते ते सांग." तो थोडा वेळ तिथेच उभा होता, बाबा. मला पुरेसा वेळ होता.