निकिताच्या लग्नात मी रुसलो नाही

६ एप्रिल
आज ओझरला कारखान्यात ट्रेनिंग. विषय: आपल्या भावनिक सवयी. मॅडम म्हणाल्या, राग आला की तीन श्वास घ्या, सवयीला नाव द्या, रोज लिहा. बाकीचे जांभया देत होते, नोट्स फक्त मी घेतल्या. माझ्या सवयीचं नाव लगेच सापडलं: रुसणं. त्रेपन्नाव्या वर्षी एवढा प्रामाणिकपणा कोण दाखवतो? निम्मं काम झालंच.

७ एप्रिल
सवयीचा अभ्यास. ताईच्या वास्तुशांतीला आहेरातली टोपी जुनी निघाली, न जेवता उठलो. तिच्या मुलाच्या जावळात फोटोत मागे उभं केलं, गाडी काढून परत आलो. दर वेळी बिचारी घोटीहून एसटीने नाशिकला आली आणि हात धरून घेऊन गेली. आता बंद. सव्वीस तारखेला तिच्या निकिताचं लग्न. सख्खा मामा म्हणून पोरीच्या मागे हसत उभं राहायचं. एवढी एक गोष्ट मला मनापासून हवी आहे.

१२ एप्रिल
पत्रिका आली. मामांमध्ये पहिलं नाव चुलतभाऊ केरूचं, दुसरं माझं. केरू ग्रामपंचायतीत मेंबर आहे, संपलं कर्तृत्व. तीन श्वास घेतले. मग आणखी नऊ. रुसलो नाही. पत्रिका फक्त गादीखाली ठेवली.

१५ एप्रिल
ताईचा फोन. उचलला नाही. हा रुसवा नव्हे, ट्रेनिंगमध्ये याला बाउंड्री म्हणतात. छाया म्हणाली, वन्संना सरळ सांगा ना काय टोचतंय ते. बायकोला ट्रेनिंग नाही, त्यामुळे तिला सगळं सोपं वाटतं.

१९ एप्रिल
ताईचा पुन्हा फोन नाही. शांतता बरी. मोबाईल अकरा वेळा पाहिला, चार्जिंग किती उरलंय ते.

२५ एप्रिल
आज हळद. छायाला एकटीला पाठवलं, माझं डोकं दुखतंय असा निरोप देऊन. सफारीला इस्त्री केली. उद्या सकाळी ताई कुणाला तरी धाडेलच. मामाशिवाय नवरी मांडवात कशी येणार?

२६ एप्रिल, सकाळी ९
दाढी, अंघोळ, सफारी. गेटपर्यंत दोनदा जाऊन आलो. सहज.

११.१५
मुहूर्त १२.३५चा. आत्ता निघालो तरी पोचेन. पण न बोलावता जाणं शोभत नाही.

१२.३५
मंगलाष्टकं सुरू झाली असतील. खुर्चीत बसून आहे.

संध्याकाळी ७
छाया आली. निकितामागे केरू उभा राहिला म्हणे. मी म्हटलं, ऐनवेळी बरा सापडला. ती म्हणाली, ऐनवेळी नाही, पत्रिका छापायच्या आधीच ठरलं होतं. निकिताच आईला म्हणाली होती, "मामा रुसणारच. मला मागं रिकामी जागा नको." म्हणून केरूचं नाव वर. आणि पंधरा तारखेला ताईने फोन केला तो हे सांगायला: "तू आला तर केरू बाजूला होईल. पन या खेपेला न्यायला नाय येनार मी. दमले."

वाईट वाटलं. फार. पण माझ्या माघारी हे असं ठरवणं बरोबर आहे का?

छायाला सांगितलं, मी जेवणार नाही. ती बरं म्हणाली आणि एकटीचं ताट वाढून घेतलं.