आजोबांची चाल

तीर्थरूप बाबांना, दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का?

सध्या एका कार्टूनपटातल्या आजोबांना कॉम्प्युटरवर चालवतेय. पाऊल कुठे पडेल, हात कुठवर जाईल, एवढ्या खुणा मी देते. मधली हालचाल कॉम्प्युटर भरतो. चाल मात्र तुमचीच उचलली! दादाने पाठवलेला तुमचा अंगणातला व्हिडिओ शेजारी लावून हुबेहूब उतरवली.

काल साहेब म्हणाले, "चाल झकास, पण डावा हात हलतच नाही. म्हातारा आजारी नाही दाखवायचा आपल्याला."

वाटलं, खूण द्यायची राहिली. व्हिडिओ पुन्हा पाहिला. बाबा, माझं काहीच राहिलं नव्हतं.

लहानपणी तुमच्या डावीकडून चालले की तोच हात माझ्या कानावर आपटायचा. असा कधीपासून झाला? फोनवर तर "ठणठणीत आहे" म्हणता! आईला ठाऊक आहे का? दादाला घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. टोलवाटोलवी नको.

आजोबांचा हात आज हलता केला. चार खुणा दिल्या आणि झुलायला लागला. मी नुसती बघत बसले.

तुमची,
धाकटी