समाधानाचे गुण कमी करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कामगिरी मूल्यमापन अधिकारी,
अ‍ॅशमूर परिसर आरोग्य सेवा मंडळ,
अ‍ॅशमूर.

विषय : फोनवर दिलेल्या पन्नासपैकी पन्नास गुणांत दुरुस्ती करून पत्नीची स्पीच थेरपी पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : आपले सेवा समाप्तीचे पत्र, दि. १२ मे २०२५.

महोदय,

उत्तर कोणत्याही भाषेत चालेल असे आपल्या पत्राच्या तळाशी छापले आहे, म्हणून मराठीत लिहीत आहे. इंग्रजीत मी 'थँक यू' म्हणून मोकळा होतो, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला आहे.

१. माझी पत्नी सौ. श्यामला हिला फेब्रुवारीत पक्षाघात झाला व तिची वाचा गेली. मंडळाने दर मंगळवारी हॅरियट नावाच्या थेरपिस्टबाई घरी पाठवल्या. एप्रिलपर्यंत श्यामला 'पाणी', 'नको', 'ओके' धरून अकरा शब्द बोलू लागली.

२. दि. २२ एप्रिल रोजी मंडळातून एका मुलीचा फोन आला. पाच प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. मुलगी फार अदबीने बोलत होती. मी समजलो, हा हॅरियटबाईंचा गोपनीय अहवाल आहे. भंडाऱ्याला सरकारी नोकरीत असताना माझ्या अहवालात साहेबांनी एकदा 'साधारण' असा शेरा मारला होता, त्यात माझी बढती चार वर्षे अडकली. कुणाच्या पोटावर पाय नको म्हणून मी सरसकट दहा-दहा देऊन टाकले. पत्नी आता घरात व्यवस्थित संभाषण करते का, या पाचव्या प्रश्नालाही दहा दिले.

३. मागाहून कळले की ते गुण हॅरियटबाईंचे नव्हते, मंडळाचे होते. मंडळ स्वतः उपचार करत नाही, इतरांकडून करवून घेते, आणि ते नीट करवून घेतले की नाही हे आपण मोजता. माझ्या गुणांवरून आमची गरज पूर्ण झाल्याचे ठरले व थेरपी बंद झाली. आपल्या वार्षिक अहवालात पान नऊवर समाधानी कुटुंब म्हणून आमचा उल्लेख आहे. आलेख वर गेलेला दिसतो. त्याबद्दल मंडळाचे अभिनंदन.

४. मी तक्रार केली असता, ती रुग्णाने स्वतः फोनवर तोंडी नोंदवावी असा नियम असल्याचे कळवण्यात आले. नियमाप्रमाणे दि. ३ जून रोजी श्यामलाने फोन कानाला लावला. आपल्या कर्मचाऱ्याने सहा प्रश्न विचारले. तिने सहाही प्रश्नांना 'ओके' असे उत्तर दिले, कारण त्या दिवशी तिला तेवढाच शब्द सापडत होता. तक्रार निकाली निघाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

५. पहिले चार प्रश्न हॅरियटबाईंच्या वेळेचे व वागणुकीचे होते. ते चाळीस गुण खरे आहेत, त्यांना हात लावू नये. पाचव्या प्रश्नाचे शून्य करावे. खोटी माहिती दिल्याबद्दल माझी चौकशी लावायची असल्यास मी सांगाल तेव्हा हजर राहीन. शिक्षा मला व्हावी, तिला होऊ नये.

६. पहिल्या सहा महिन्यांत सराव झाला तर बोलणे सर्वांत जास्त परत येते, असे हॅरियटबाई सांगत. त्यांपैकी चार संपले. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली. मी बातम्या ऐकताना ही मधेच बोलते म्हणून मी जन्मभर चिडत आलो. आता बातम्या पूर्ण ऐकू येतात, आणि मला त्या नको आहेत. मला तिचे बोलणे हवे आहे.

तरी आपण एकदा घरी यावे, तिच्यासमोर दहा मिनिटे बसावे, जे विचारायचे ते तिलाच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. तिला वेळ लागतो. मला मात्र काही विचारू नये. आपण पावसातून आलेले असाल, दारात छत्री झटकत उभे असाल, आणि मी पुन्हा सगळे उत्तम आहे असेच सांगेन.

आपला नम्र व यापूर्वी समाधानी,
श्रीनिवास मुनघाटे
दि. १६ जून २०२५

सोबत :
१) वार्षिक अहवाल, पान नऊची प्रत.
२) या अर्जास संमती म्हणून सौ. श्यामला हिची डाव्या हाताने केलेली सही. तिला पाऊण तास लागला.