खताची मासळी

३ डिसेंबर १९८८

सुनेचा ताप उतरला. मुलाचा, रामाचा, पाय अजून सुजलेला, तरी होडीवर जातो म्हणतो — जा म्हणावं! माझे गुडघे आहेत तसेच. नातीला, नलूला, काही झालेलं नाही, पण जेवली नाही ती एकटीच.

शाळेमागे नववीच्या मुलांनी जूनमध्ये खड्डा खणलाय, नलू त्यांची पुढारी. चिकूचा पाला, डब्यातलं उरलंसुरलं, सगळं त्यात टाकायचं आणि खत करायचं. काच, प्लास्टिक बाजूला काढायचं, ते बोईसरचा भंगारवाला नेतो. पाला काही कुजेना. म्हणून दिवाळीपासून नलू आम्हा कोळणींकडून मासळीची मुंडकी नेते. आम्ही फुकट देतो. पोरांच्या शाळेला नाही कसं म्हणायचं? पण काल वर माती टाकायला विसरली! कुत्र्यांनी मुंडकी ओढत नेली ती थेट हेडसरांच्या खुर्चीखाली.

आज वर्गात तिला बघून सगळी पोरं नाक धरून बसली म्हणे. मेली स्वतः काय गुलाबपाण्याने आंघोळ करतात?

५ डिसेंबर

कमलाकांत शाळेत येऊन गरजून गेला. पानवेलींची मोठी वाडी त्याची, आणि शाळेच्या कमिटीचा मुख्य. म्हणाला, "शाळेचा मासळीबाजार केलाय! फेब्रुवारीच्या सभेआधी खड्डा बुजवा, नाहीतर त्या मुलीच्या हातात दाखला द्या."

दाखला! आमच्या घरात नववीपर्यंत गेलेली ती पहिली.

आणि हा कोण बोलणारा? याच्या वेली दर वर्षी काय पितात? आमचीच मासळी! बारीक, मोडकी, मुंडकी — आम्ही रेतीत सुकवून गोणीत भरून देतो, हा वेलींच्या मुळाशी घालतो. तेव्हा नाक कुठे गहाण ठेवतो?

८ डिसेंबर

शाळेत गेले. धुतलेलं लुगडं नेसून गेले, तरी हेडसरांनी खिडकी उघडली. बस म्हणाले नाहीत.

"काशीबाई, मी काय करू? कमिटीपुढे माझं चालत नाही."

"मंग तुमचा चालतो कुठं?" मी विचारलं.

९ डिसेंबर

दिवसभर कोयता दगडावर खूप घासला.

१२ डिसेंबर

वाळवणावर सगळ्या बाया जमवल्या. सांगितलं, यंदा कमलाकांतला खताची एक गोणीसुद्धा द्यायची नाही.

सुगंधा म्हणाली, "आगो काशी, मंग तिचा आमी काय करू? उशाला घेऊन निजू?"

"नीज! तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा बरी."

हसल्या सगळ्या. पण कबूल झाल्या. सुगंधा सगळ्यात शेवटी.

७ जानेवारी १९८९

कमलाकांतचा गाडीवान पुंजाराम बैलगाडी घेऊन आला. नाही म्हटलं.

"नाय कशी? समोर एवढी वाळतेय!"

"ती पाहुण्यांसाठी हाय."

तासाभराने शेठ स्वतः स्कूटरवर आला, रुमाल नाकाला. "वेली पिवळ्या पडायला लागल्यात, काशीबाई. चेष्टा पुरे."

"खड्डा ऱ्हाऊ दे, पोर शाळेत ऱ्हाऊ दे. मंग ने गोणी."

"कोळणीने मला अटी घालायच्या?"

"कोळणीनेच."

असा निघाला की स्कूटर रेतीत रुतली. पोरं ढकलायला धावली. मी नाही उठले. त्याच्या सात पिढ्या मात्र तोंडभर काढल्या.

१५ जानेवारी

नलू माझ्यावरच उखडली. "आजी, तू कशाला मधी पडलीस? आता माती टाकतो आमी, वास नाय येत. खड्डा आमचा हाय, आमी बघू!"

बघू म्हणे! कमलाकांत दाखला हातात देईल तेव्हा काय बघणार? रागावले तिला. मग तळलेली तुकडी ताटात वाढली, तर तीही ठेवून उठली. आजीचं रक्त, दुसरं काय.

२४ जानेवारी

सुगंधाच्या अंगणात गोण्यांवर गोण्या चढल्यात. "काशी, मासळी चांगली सुकली की बाजाराची, मोडली की खताची. या खतावर घर चालतो माझा. कवा विकायची?"

थोडं थांब म्हटलं. तो वाकेल. त्याच्या वेलींना दम निघणार नाही.

३१ जानेवारी

पुंजाराम परत नाही आला. येईल. आलाच पाहिजे!

४ फेब्रुवारी

खड्डा राहिला. नलूही शाळेत राहिली. कमलाकांतने काल सभेत स्वतः सांगितलं.

मुलांनी आठवड्यापूर्वीच खड्ड्यातलं, आमच्या मुंडक्यांनी कुजलेलं खत पाट्या भरभरून त्याच्या वाडीत नेऊन घातलं. नलूच पुढे होती. त्याला ते एवढं पसंत पडलं की अजून दोन खड्डे खणायला सांगितलेत. यापुढे वेलींना शाळेचंच खत. आमची मासळी त्याला नको. यंदाही नाही, पुढेही नाही.

सुगंधा सकाळपासून माझ्या ओट्यावर बसलीय. आत ये म्हटलं, येत नाही.

आणि नलू आत्ता तिच्या अंगावरूनच घरात आली, हसत. "आजी, आता तीन खड्डे! सगळ्यांकडची मुंडकी लागतील. सुगंधामावशीला सांगशील ना?"