आठव्या महिन्यातली अर्धी भाकर

३ नोव्हें., सोम.
मंगेशले आज आयसीयूतून वॉर्डात आणलं. छत्तीस वर्षांचं माझं पोर अन् हृदयात दोन स्टेंट. नवीन डॉक्टरीणबाईनं सगळं विचारलं. सिगरेट, दारू? नाही. घराण्यात कोणाले? नाही. मग माझ्याकडे वळून, "काकू, जन्मला तेव्हा वजन किती होतं?" पावणेदोन किलो. दिवस भरले होते? हो.
काहून विचारता म्हटलं. तर म्हणे, पोटात असताना बाळाला कमी पडलं आणि नंतर भराभर वजन वाढवलं, तर मोठेपणी बी.पी., शुगर, हृदयाचा धोका वाढतो. "हेच एक कारण असतं असं नाही, काकू." हे शेवटचं माझं तोंड पाहून म्हणाल्या. कळते मले.

४ नोव्हें.
डबा दिला. मंगेश म्हणे, "आई, काहून रडून राहिली? मी बरा आहो ना." काय सांगू याले.
याच्या वेळी आठवा महिना लागला तशी सासूबाईनं माझी भाकर अर्धी केली होती. दूध बंद, केळं बंद. "पोर पोटात मोठं झालं का अडते वं." मी भुकेनं रडत होती, पण ऐकलं. बाळंतपण सोपं गेलं, म्हणजे सासूबाई खऱ्या ठरल्या. मग मी पोराले सोडलं नाही. डब्याचं दूध दाट करून, पोळी तूप-साखरेत कुस्करून, नको म्हणे तरी कोंबत होती. वर्षाचा असताना सुदृढ बालक स्पर्धेत पहिला नंबर. आमच्या अख्ख्या प्रताप नगरभर मिरवला मी त्याले. मूर्ख बाई.

६ नोव्हें.
दुपारी कणीक मळता मळता आठवलं, अन् कणीक तशीच टाकून उठली. पल्लवी, माझी सून, रामटेकले माहेरी आहे. आठवा लागला तिले. मंगेशचं सांगितलं, पण प्रवास नको म्हणून तिकडंच ठेवली. अन् डोहाळजेवणाच्या दिवशी तिच्या आईले मीच म्हटलं होतं, "आमच्यात आठव्यापासून हात आखडता ठेवतात, बाळंतपण सोपं जाते." माझ्याच तोंडानं.
फोन लावला. पल्लवी पोटभर जेवते ना? विहीणबाई हसल्या. "काळजी नका करू जी. तुमच्याच शब्दानं चाललो. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. मागते कधी कधी, पण मी देत नाही." म्हटलं द्या, भरपूर द्या. त्याईले वाटलं मी मोठेपणा दाखवून राहिली. "असं कसं जी, तुमच्या घरची रीत." मुलाच्या आईचा शब्द. मलेच आता खोडता येत नाही.

७ नोव्हें.
तिची सोनोग्राफी झाली. बाळ महिन्यांच्या मानानं लहान. डॉक्टर म्हणाले, नाळेचंही असू शकतं, पण खाणं वाढवा, दहा दिवसांनी पुन्हा या. पल्लवीनंच सांगितलं फोनवर. रडली नाही, काही नाही. रडली असती तर बरं होतं. देवा, एकदा झालं ना. पुन्हा कशाले...

८ नोव्हें., शनि.
मंगेशजवळ ह्यांना बसवलं अन् बस धरली. गेल्या गेल्या विहीणबाईच्या पाया पडली. मुलाची आई पाया पडते म्हणून त्या घाबरून मागे सरकल्या. सगळं सांगितलं, सासूबाई, मंगेश, डॉक्टरीणबाई. विहीणबाई म्हणे, "म्हणजे मी माह्या पोरीले उपाशी ठेवलं?" मले एक शब्द बोलल्या नाही. बोलायले पाहिजे होतं.
मी वरण-भात केला, अंडी उकडली, ताट घेऊन पल्लवीपुढे बसली. ती ताटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, अर्धी भाकर द्या म्हणाल्या तेव्हाही तुम्हाला बरोबर वाटत होतं. ह्यांना कोंबून चारलं तेव्हाही. आता हे बरोबर आहे कशावरून?"
डॉक्टरांनी सांगितलं, एवढं तरी म्हणायचं होतं. ताट विहीणबाईच्या हाती दिलं. तेच ताट तिच्या आईनं पुढे केलं, तेव्हा जेवली. मी स्वयंपाकघरात बसून होती.

१६ नोव्हें., रवि.
मंगेश घरी आला. जिन्याच्या चार पायऱ्या चढून बसतो. उद्या पल्लवीची सोनोग्राफी, त्याले जाता येत नाही. तिले फोन केला. मी येऊ का?  म्हणे, "आज बाळ हललं खूप." येऊ का याचं उत्तर दिलंच नाही.
सकाळची पहिली बस धरते. आत नाही बोलावलं, तर दवाखान्याबाहेर उभी राहीन.