बर्फाच्या मैदानाखालची भुई वर येत असल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
बर्फ-क्रीडागृह समिती, मुळशी.

विषय : कासार आंबोली येथील क्रीडागृहाचे शीतयंत्र दुरुस्तीसाठी बंद करण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील "पृष्ठभाग सपाट" हे आपले दोन शेरे.

महोदय,

मी कोंडाजी बहिरू शेडगे, वय ५४, या क्रीडागृहात एकवीस वर्षे बर्फ धरवण्याचे काम करतो. इमारतीखालची जमीन आमच्या भातखाचराची. ती घेताना समितीने मला नोकरी व मागच्या भिंतीला लागून एक खोली दिली. नोकरी असेपर्यंत खोली. तेथे मी आणि माझी आई गंगूबाई, वय ८१, राहतो.

१. खाचरात पाणी बारमाही. वडिलांनी ठेकेदाराला तसे सांगितले होते, त्याने मान डोलावली. जमीन गोठू नये म्हणून फरशीखाली टाकावयाच्या गरम पाण्याच्या नळ्या नकाशात आहेत, जमिनीत नाहीत. सबब बर्फाची थंडी खाली उतरून जमिनीतले पाणी गोठले, फुगले आणि फरशी मधोमध वीतभर उचलली गेली. यंत्र तीन-चार महिने बंद ठेवून जमीन वितळू दिल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

२. त्या दोन अर्जांवर झालेल्या दोन्ही पाहण्यांत साहेबांना उंचवटा दिसला नाही, ही चूक माझी. मोठा माणूस येणार म्हटले की अंगण सारवून ठेवायचे, ही आमच्या घरची रीत. साहेब येणार असे कळताच मी खोलगट जागी पाणी सोडून सोडून बर्फ एकसारखा केला. साहेबांनी कौतुक केले, चहा घेतला आणि "सपाट" लिहिले. दुसऱ्या वेळी काही करायचे नाही असे ठरवले होते, पण हात स्वस्थ बसला नाही. याची मला लाज वाटते.

३. आता जमिनीचे हे गोठणे भिंतीखालून खोलीत शिरले आहे. शेगडीवरची आमटी पातेल्यात एका बाजूला जमते. आई म्हणते, "भुई वर येतीया, कोंडाजी. सायबास्नी सांग, मला पाय टेकवत न्हाई." हे कळवले असता कार्यालयाने वैद्यकीय दाखला मागितला. तो दिल्यावर, दाखला आईचा नको, फरशीचा हवा, असे सांगण्यात आले.

४. गेल्या सोमवारी आई आत असताना दार वर आलेल्या भुईला अडकले, ते अद्याप उघडत नाही. मोडू का, असे विचारले. दार समितीच्या मालमत्तेच्या यादीत असल्याने लेखी परवानगीची वाट पाहावी, असे उत्तर आले. तोवर भाकरी खिडकीतून देतो. मोरी आत आहे, एवढेच नशीब.

५. यंत्राचे बटण माझ्या हाताशी आहे. आदेशाशिवाय दाबले तर नोकरी जाते, तिच्याबरोबर खोली जाते, आणि ही जमीन सोडून आई कुठेही यायला तयार नाही. न दाबावे तर भुई वर येत राहते. मला काही सुचत नाही, साहेब.

तरी यंत्र बंद करण्याचा आदेश व्हावा. पाहणी करणे भागच असेल, तर कृपया आगाऊ कळवू नये.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
कोंडाजी बहिरू शेडगे
कासार आंबोली, दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत :
१) दोन्ही शेऱ्यांच्या प्रती.
२) आईचा वैद्यकीय दाखला.
३) या अर्जास आईची संमती. अंगठा खिडकीच्या गजांतून घेतला आहे. बोट गारठल्याने ठसा पुसट उठला आहे, तो ग्राह्य धरावा.